पागडीची इमारत: गळकी गच्ची 'सुधारणा' कशी?

पावतीवाला: "महिना चारशे रुपये भाड्यात मालकाने गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आणि भाडेकरू सुधारणेची वाढ देणार नाहीत, शुद्ध फुकटेगिरी" असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. साहेब, आम्ही पागडीवाले, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम मोजून मग कमी भाड्यावर राहणारे. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा उघडा. कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढ मिळतेच. सुधारणेसाठी आणखी वाजवी वाढ हवी तर ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती, म्हणजे वीस बिऱ्हाडांत चौदा सह्या. कलम १४ खाली मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्यात धरतच नाहीत. नवी लिफ्ट सुधारणा; गळती थांबवणं दुरुस्ती.

मालकपक्ष: ठोकणारा मीच. ४ टक्के म्हणजे चारशेवर सोळा रुपये. गवंड्याचा चहा तरी सुटेल का?

पावतीवाला: आमचं ऐका. मालकाला नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबायचं, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशच: बाराशे रुपये! बिडाचा एक पाइप बदलून दाखवा.

टेकू: भांडा खुशाल, पण जुन्या कोब्यावर (गळती रोखायला गच्चीवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) नवा चढवू नका. साडेचार इंची विटांचा कोबा म्हणजे चौरस फुटाला साधारण वीस किलो. खाली सागवानी तुळया असतात, त्यांची भिंतीत गेलेली टोकं ओलीने कुजलेली. आधी टोकं टोचून बघा, टेकू लावा, जुना थर उतरवा. मग शंभराला एक उतार, कठड्याशी गोलाई, शेवटी दोन-तीन दिवस पाणी साठवून चाचणी. कंत्राटदार गोलाई खातो आणि पहिल्याच पावसात कोपरा गळतो.

मालकपक्ष: इथे कोब्याचा क्लास चालू आहे का?

टेकू: तुळई खचली की भाडं कुणाकडून घ्याल?

तळमजला: लिफ्टच्या चौदा सह्या वरचेच करणार. आम्ही गाळेवाले पायरीसुद्धा चढत नाही, आमच्या पावतीत वाढ का?

पावतीवाला: गच्चीही वापरत नाही, म्हणून गळू द्यायची?

तळमजला: विषय बदलू नका!

मालकपक्ष: बरं बाबा, गळती दुरुस्तीच. जिंकलात. पण इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर (सेस) भरणारी आहे ना? मग आधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज टाका.

पावतीवाला: टाकतो. रिपेअर सेस आमच्याच पावतीवर लागतो.