मेंढीच्या कातड्याच्या जुन्या सपातांची परंपरा
प्रश्न (धरमपेठ, नागपूर): आजोबांनी विलायतेहून आणलेल्या, आतून लोकर असलेल्या सपाता आमच्या कपाटात आहेत. नागपूरच्या मे महिन्यात त्या घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरी या कारागिरीचा इतिहास आणि पावसाळ्यातील जपणूक याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १: इंग्लंडमधील सोमरसेट परगण्यातील स्ट्रीट या गावी सायरस क्लार्क यांनी १८२५ मध्ये मेंढीच्या कातड्याच्या गालिच्यांचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांचे धाकटे बंधू जेम्स यांनी उरलेल्या तुकड्यांपासून सपाता शिवल्या आणि क्लार्क्स ही पादत्राणांची कंपनी त्यातूनच उभी राहिली. टाकाऊ तुकड्यांतून मूळ धंद्यापेक्षा मोठा धंदा उभा राहावा, हे मला विशेष वाटते.

उत्तर २: एरवी केस काढण्यासाठी कातडे चुन्यात भिजवतात, येथे लोकर टिकवायची असल्यामुळे ती पायरी वगळून मांसाकडची बाजू खरवडतात आणि मग तुरटी किंवा क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावतात. तुरटीचे कातडे पाण्यात बुडवल्यास तुरटी निघून जाते आणि वाळल्यावर ते पुठ्ठ्यासारखे कडक होते, म्हणून सपाता धुऊ नयेत. लोकर बोटांनी विलग करून मुळाशी कसर लागली आहे का, ते पाहावे, विशेषतः टाचेच्या शिवणीत. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात ठेवून, उघडीप मिळताच सावलीत वारा द्यावा.