मदत हवी आहे: समुद्राजवळ घरगुती राहण्याची सोय

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन कोथरूडहून ताम्हिणीमार्गे कोकणात जायचंय, दोन रात्री. मागच्या वेळी दिवेआगरला एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. फोटोत ‘समुद्र समोरच’, प्रत्यक्षात सुपारीच्या वाडीतून पंधरा मिनिटं पायपीट आणि न्हाणीघर मागच्या अंगणात! काकूंच्या हातचे उकडीचे मोदक मात्र असे होते की भांडायचं राहूनच गेलं.

आता आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळमजल्याची खोली आणि कमोड हवाच. बाबांना सुरमई लागते, आई शुद्ध शाकाहारी. एकाच घरात दोन्ही जमतं का? बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरून वेळास किंवा केळशीलाही जाऊ. कृपया स्वतः राहिलेल्यांनीच सांगा, नुसत्या रेटिंगवर आता विश्वास नाही.