पावसाळी सायकलस्वारी रद्द कधी करायची, आणि कोणी?

मूळ मुद्दा (लेखक: म्हैसमाळवारी)

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळच्या डोंगरपठारापर्यंत गटाने सायकलने जायचे ठरले, की आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहून स्वारी रद्द करावी का, हा वाद हमखास निघतो. केवळ अंदाजावरून रद्द करणे मला पटत नाही. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोठमोठे खंड घेत. 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' एवढ्यावर घरी बसायचे म्हटले, तर पावसाळा अंगणातूनच पाहावा लागेल. शिवाय सगळा पाऊस सारखा नसतो. पुष्य-आश्लेषा नक्षत्रांतली (साधारण जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य) झड दिवसभर भुरभुरत राहते आणि तिच्यात भिजण्यापलीकडे सहसा काही होत नाही. मृगाचा (जूनमधला) आणि हस्ताचा (सप्टेंबरअखेरचा) पाऊस मात्र विजा घेऊन येतो. म्हणून निघावे, आणि पुढे जायचे की परतायचे हे वाटेत आभाळ पाहून ठरवावे.

उत्तर (घाटरस्ता)

वाटेत ठरवावे हे म्हणायला सोपे आहे. पण ठरवणार कोण? खुलताबादला पोहोचल्यावर म्हैसमाळ अवघे १२ किलोमीटर उरते, आणि एवढे अंतर तोडून आलेल्या गटात 'आता मागे फिरू' असे म्हणण्याची हिंमत सर्वांत नवख्या स्वाराला होत नाही, कारण आपल्याला भित्रा समजतील ही धास्ती त्याला विजेपेक्षा मोठी वाटते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, असे समजून आसरा गाठायचा असतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचे असते. वरच्या उघड्या पठारावर असा पक्का आसरा लवकर सापडत नाही. मग लोक झाडाखाली उभे राहतात, म्हणजे नेमके जिथे उभे राहू नये तिथे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप इशारा देते, हे मान्य. परंतु पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवलेला फोन चढावर कोण काढून बघतो? निर्णय आदल्या रात्री, कोरड्या अंगाने आणि शांत डोक्याने घ्यावा.

उत्तर (म्हैसमाळवारी)

विजेबाबत वाद नाही. पण आदल्या रात्रीचा अंदाज जिल्ह्याचा असतो, आपल्याला हवे असते ते त्या डोंगरावरचे आणि त्या तासाचे. नवखा बोलत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून परत फिरवण्याचा अधिकार पुढे पळणाऱ्या म्होरक्याकडे न ठेवता, सर्वांत शेवटी चालणाऱ्या अनुभवी स्वाराकडे द्यावा. दमलेले, गारठलेले लोक त्यालाच दिसतात.

उत्तर (खुलताबादकडचा शेतकरी)

दोन्ही बाजू आभाळाकडे पाहत आहेत, म्हणून लिहितो. आमच्या ओढ्यांना पाणी येते ते वरच्या डोंगरात पाऊस झाला म्हणून. फरशी पुलावर, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर, ऊन पडलेले असते आणि तरी गढूळ लोंढा वाहत असतो. त्या पाण्यात फरशीची कड दिसत नाही, आणि वेगाने वाहणारे वीतभर पाणीसुद्धा उभ्या माणसाचा पाय उचलते. इथे ना आदल्या रात्रीचा अंदाज कामाला येतो ना तुमचा शेवटचा स्वार. तिथल्या माणसाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये.

दुसरी गोष्ट, फोनमधल्या नकाशावर जवळची दिसणारी शेतवाट धरू नका. वापसा नसलेल्या, म्हणजे पावसानंतर पुरेशा न सुकलेल्या, काळ्या रानात टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती इतकी घट्ट बसते की चाक फिरत नाही, मग सायकली खांद्यावर घेऊन मंडळी मक्याच्या आणि आल्याच्या कडेने वाट काढतात आणि नुकसान आमचे होते. फोटोसाठी वळणावर आडवे उभे राहण्याबद्दल तर बोलायलाच नको. पाऊस उघडला की त्याच रस्त्याने आमचे ट्रॅक्टर आणि दुधाच्या गाड्या धावत असतात.

उत्तर (स्पोक आणि चेन)

एक तांत्रिक भर. रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की आधी पाणी पुसले जाते आणि मग पकड येते, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागते. दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथे गट आपोआप दाटतो. उतरताना तर एकामागे एक, मोकळे अंतर ठेवूनच चालावे. 'गटाने एकत्र राहा' हा सल्ला थांब्यांपुरता ठीक आहे, चालत्या चाकांना तो घातक ठरतो.

उत्तर (घाटरस्ता)

शेवटच्या स्वाराला अधिकार देण्याची सूचना मला मान्य आहे, मात्र त्याच्या निर्णयावर रस्त्यात मतदान होणार नसेल तरच. फरशीचा मुद्दा माझ्या विचारात नव्हता आणि तो निर्विवाद आहे. तरीही मृग आणि हस्त या नक्षत्रांत गडगडाटी पावसाचा इशारा असेल, तर स्वारी आदल्या रात्रीच रद्द व्हावी, यावर मी ठाम आहे. श्रावणातल्या झडीपुरती तुमची पद्धत चालू द्या.