वापरलेला गेम विकत घेणं आणि चोरी, यात काही फरक आहे की नाही?

जुनी डिस्क (धागालेखक)

परवा 'शेवटची लेव्हल' यांनी लिहिलं होतं: "दुकानातून वापरलेला गेम घेणारा आणि फुकटची कॉपी उतरवणारा, दोघांकडूनही बनवणाऱ्याच्या हाती छदाम पडत नाही. मग एकाला गिऱ्हाईक आणि दुसऱ्याला चोर का म्हणायचं?" त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

फुकटची कॉपी उतरवली की एकाच्या दोन होतात. वापरलेली डिस्क मी घेतली की विकणाऱ्याकडची जाते. जगातल्या डिस्क तेवढ्याच राहतात आणि त्यातल्या प्रत्येकीचे पैसे कंपनीला एकदा मिळालेले असतात. जुनं पुस्तक, जुनी सायकल, जुनं शिवणयंत्र घेणाऱ्याला कुणी चोर म्हणतं का?

हे भांडण कोर्टातही झालंय. जपानमधल्या गेम कंपन्या वापरलेल्या गेमच्या विक्रीविरुद्ध पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि एप्रिल २००२ मध्ये हरल्या. एकदा विकलेली प्रत पुढे कोण कुणाला विकतो, यावर त्यांचा हक्क उरत नाही, असा निकाल लागला. पुढे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा नवा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमयंत्र) जाहीर करताना वापरलेल्या डिस्कवर बंधनं घातली आणि दर २४ तासांनी ऑनलाइन हजेरीची अट टाकली. जूनमध्ये प्लेस्टेशन कन्सोल बनवणाऱ्या सोनीने एक इवलीशी क्लिप दाखवली, गेम मित्राला कसा द्यायचा याची: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी ठेवतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. तेव्हा जे चिडले होते ते स्वतःला त्या डिस्कचे मालक समजत होते, आणि ते मालक होतेच.

माझा पहिला कन्सोल वापरलेला, पहिले सहा गेमही वापरलेले. एका डबीत घडी घातलेला नकाशा निघाला. आधीच्या मालकाने त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एका पुलाशी लिहिलं होतं, "इथे पडशील." मी तिथेच पडलो. त्या मालिकेचा पुढचा प्रत्येक भाग मी पहिल्या दिवशी, नवा, पूर्ण किमतीत घेतलाय. ती जुनी डबी हाती लागली नसती तर एकही घेतला नसता.

शेवटची लेव्हल

माझं वाक्य तोडून मांडलंत. पुढच्याच ओळीत मी लिहिलं होतं की कायद्याने दोघे वेगळे आहेत, बनवणाऱ्याच्या खिशात मात्र दोघांकडूनही शून्यच येतं.

पुस्तकाची पानं पिवळी पडतात, सायकलची चेन सैल होते. डिस्क एकदा वाचली गेली की आतला गेम पहिल्या दिवशीइतकाच ताजा असतो. म्हणून वापरलेली प्रत थेट नव्याचंच गिऱ्हाईक पळवते, आणि त्यासाठी वर्षभर थांबतही नाही.

आम्ही नऊ जण होतो. जवळजवळ तीन वर्षं एका गेमवर काढली. बाजारात आल्यावर अकराव्या दिवशी मी दुकानात गेलो, फक्त आमची डबी फळीवर उभी असलेली बघायला. नव्याच्या शेजारीच वापरलेली होती, किंचित स्वस्त. मी नवी उचलली तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ती कशाला? ही घ्या, आत तेच आहे." त्या 'तेच आहे'ने पोटात खड्डा पडला. पुढच्या वर्षी आम्ही नऊचे चार झालो.

ईए या बड्या गेम कंपनीने २०१० मध्ये ऑनलाइन पास काढला होता. डबीत एकदाच चालणारा कोड, आणि वापरलेली प्रत घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं असेल तर त्याने वेगळे पैसे भरायचे. लोकांनी बोंब मारली आणि २०१३ मध्ये तो बंद झाला. मला आजही तो तोडगा वाजवी वाटतो.

सीलबंद

कोडचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर वाचून पुढे गेले असते.

भाचीच्या वाढदिवसाला एक गेम घेतला. नवा. पावतीवर 'नवा' छापलेलं, किंमत नव्याची. डबीला वेष्टन नव्हतं, कडेला एक गोल स्टिकर तेवढा. विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडे असाच असतो." घरी पोरीने डबी उघडली, डिस्कवर अंगठ्याचा ठसा. आतल्या चिठ्ठीवरचा कोड टाकला तर उत्तर आलं की कोड आधीच वापरलेला आहे. गेममधल्या पात्राच्या ज्या पोशाखासाठी तिने हाच गेम मागितला होता तो तिला मिळालाच नाही. ती रडली नाही, "असू दे मावशी" म्हणाली. ते मला जास्त लागलं. परत द्यायला गेले तर म्हणे उघडलेली डबी आम्ही परत घेत नाही. अहो, उघडली कुणी?

वापरलेला घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवत बसा. वापरलेलाच 'नवा' म्हणून विकतात त्यांचं काय करायचं ते आधी सांगा.

काउंटरमागून

मी अशा दुकानात तीन वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो.

डबी उघडतात ती चोरीच्या भीतीने. प्रत्येक गेमच्या एका नव्या प्रतीतून डिस्क काढून कागदी पाकिटात घालायची, पाकीट काउंटरखालच्या खणात आणि रिकामी डबी फळीवर. सीलबंद प्रती संपल्या की शेवटी तीच डिस्क परत डबीत घालून विकायची. त्या डिस्कचा वापर झालेला नसतो.

'शेवटची लेव्हल', तुम्हाला भेटलेला माणूस दुष्ट नव्हता. नव्या गेमवर दुकानाला अगदी थोडं सुटतं. वापरलेल्यावर विकत घेण्याची आणि विकण्याची, दोन्ही किमती दुकानच ठरवतं, सगळा फायदा तिथे. आम्हाला रोजचा आकडा दिलेला असायचा, वापरलेले किती गेले, बदल्यात किती आले. आकडा भरला नाही तर पुढच्या आठवड्यात पाळ्या कमी मिळायच्या.

सीलबंद

"त्या डिस्कचा वापर झालेला नसतो." मग माझ्या डिस्कवरचा अंगठा कुणाचा? कोड कुणी वापरला?

काउंटरमागून

खरं सांगतो. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना उघडलेली प्रत एक-दोन रात्री घरी नेऊ देतात, म्हणजे गिऱ्हाइकाला माहिती देता येते. मीही नेल्यात. पुसून परत ठेवायचो. कोडला कधी हात लावला नाही.

सीलबंद

म्हणजे वापर झालेला असतो! दोन प्रतिसादांत तुमचंच वाक्य तुम्ही खोडलंत. पुसून ठेवलं की नवं होतं का? तीन वर्षांत किती पोरांच्या हातात तुमच्या घरून आलेली डिस्क 'नवी' म्हणून ठेवलीत ते मोजा.

काउंटरमागून

बाई, तुमच्या भाचीचा कोड मी चोरलेला नाही. माझ्यावर कशाला तुटून पडताय?

सीलबंद

कारण समोर तुम्हीच आहात आणि दुकान उत्तर देत नाही.

शून्य पूर्णांक एक

दोघेही थांबा जरा. उघडलेली डिस्क 'न वापरलेली' म्हणणाऱ्यांनी ती कशी बनते ते समजून घ्यावं. सीडीत माहितीचा थर वर असतो, छापील चित्राच्या लगेच खाली, आणि खालून १.२ मिमी प्लास्टिकचं संरक्षण. डीव्हीडीत तो मधोमध, ०.६ मिमीवर. ब्लू-रेत (हल्लीचे गेम याच डिस्कवर येतात) खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत. वरून कडक लेप असतो म्हणून सहज चरे पडत नाहीत. पण खोल चरा पडलाच तर घासायला जागाच नाही. कागदी पाकिटात रोज सरकवा-काढा केलेली डिस्क आणि डबीच्या खुंटीवर बसलेली डिस्क एक नव्हे.

लोडिंग चालू

इतकं काही नसतं हो. मी टूथपेस्ट लावून डिस्क घासल्यात, चालल्यात.

शून्य पूर्णांक एक

सीडी असेल.

लोडिंग चालू

डिस्क ती डिस्क.

शून्य पूर्णांक एक

नाही! वर तीन आकडे दिलेत ते वाचायचेही नाहीत आणि ठोकून द्यायचं. तुमचं वाचून कुणी ब्लू-रेवर टूथपेस्ट फासली तर लेप जाईल आणि डिस्क कायमची बाद होईल. सीडीचंही उलटं लोकांना ठाऊक नसतं. खालचे चरे घासून निघतात, पण छापील बाजूला टोकदार ओरखडा गेला तर माहितीच खरवडली जाते. उजेडाकडे धरा, त्या जागी टाचणीएवढं भोक चमकतं. दुकानात सगळे डिस्क उलटी करून खालची बाजू बघतात, वरची कुणी बघत नाही.

लोडिंग चालू

बरं, सीडीच होती. पहिल्या प्लेस्टेशनची. आवाज कशाला चढवता?

कॅसेटप्रेमी

चऱ्यांची भीती असेल तर चिपवाली गेम-कॅसेट घ्या. फक्त एक सांगतो, पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या काळातल्या, गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलच्या कॅसेटमध्ये सेव्ह जपणारी बटणाएवढी बॅटरी असते. मी एक वापरलेली घेतली, रात्रभर खेळलो, सकाळी सगळं पुसलेलं. दुकानदार म्हणाला, कॅसेट खराब आहे, टाकून द्या. खराब नव्हती, बॅटरी संपली होती. ती बदलता येते, फक्त सोल्डरचा टाका मारायला हात सरावाचा हवा. त्यानंतरच्या पोकेमॉन रुबी-सफायरमध्ये बॅटरी फक्त घड्याळाची, ती संपली तरी सेव्ह राहतो. हे माहीत नसलेले दुकानदार चांगल्या कॅसेट मातीमोल भावाने घेतात आणि बनावट मात्र अस्सलच्या भावाने विकतात.

जुनी डिस्क (धागालेखक)

मूळ प्रश्न पार मागे पडला. 'सीलबंद' यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण ती 'नवा' म्हणून विकण्याच्या खोटेपणाची आहे. वापरलेला गेम वापरलेला म्हणून विकणारा तिथे सुटतो. माझ्या डबीवर 'वापरलेला' अशी चिठ्ठी होती, मी डिस्क बघून घेतली, कुणी फसवलं नाही.

डाउनलोडच बरं

मी पाच वर्षांपूर्वी डिस्क सोडली. चरा नाही, अंगठा नाही, वापरलेला कोड नाही. आणि मालकीचा एवढा अभिमान बाळगता, तर द क्रूची डिस्क ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला तो काढणाऱ्या युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि डिस्क असूनही गेम चालेना. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलची गेम-की कार्डं बघा. कार्डात गेमच नाही, आधी डाउनलोड करा, मग कार्ड घालून खेळा. तुमच्या हातात नुसती किल्ली.

जुनी डिस्क (धागालेखक)

द क्रूचा मुद्दा मान्य करावा लागतो, नाइलाजाने. सर्व्हरवर जगणाऱ्या गेमची डिस्क मेलेलीच. पण तेवढ्यावरून सगळ्या डिस्क फेकायला निघालात? २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात खरेदी बंद झाली. जे गेम फक्त तिथेच होते ते आज कायदेशीरपणे विकत घेण्याची सोय नाही, वापरलेलेसुद्धा मिळत नाहीत, कारण वापरलेली प्रत असं काही नसतंच. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की तुम्हाला फक्त परवाना मिळत असेल तर डिजिटल दुकानाने 'विकत घ्या' म्हणताना ते स्पष्ट सांगायचं. गेम-की कार्ड निदान दुसऱ्याला विकता येतं. तुमच्या खात्यातलं काय विकाल? फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीम या ऑनलाइन दुकानातले गेम पुन्हा विकता यावेत म्हणून दावा लावला, २०१९ मध्ये जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली.

डाउनलोडच बरं

विकायचेच नाहीत मला. झालेले गेम विकण्यात कसलं आलंय सुख?

सीलबंद

विकण्यात सुख नसतं, गरज असते. भाचीच्या आईने मागच्या वर्षी कन्सोलसकट सगळं विकलं, फी भरायची होती. त्यातला तो अंगठ्यावाला गेमही गेला. डाउनलोड केलेला असता तर एक दमडी आली नसती. 'शेवटची लेव्हल', तिच्याकडून तो गेम ज्याने घेतला त्याला तुम्ही चोर म्हणणार का?

शेवटची लेव्हल

नाही म्हणणार.

ठीक आहे. वापरलेला घेणारा आणि चोर एका रांगेत बसवले, ते चुकलं. ते वाक्य मागे घेतो. दुकानाबद्दलचं एक अक्षरही मागे घेणार नाही. दुसऱ्या आठवड्यात नव्याशेजारी वापरलेला मांडून नव्याकडे जाणारा हात अडवणं, यात मला आजही बेइमानी दिसते. 'काउंटरमागून' म्हणतात आकडा भरावा लागायचा. तो आकडा आमच्या नऊ जणांच्या पोटातून भरला गेला.

काउंटरमागून

तुमच्या डबीशेजारी ती दुसरी डबी मी ठेवली असती. आकड्यासाठी ठेवलीच असती. एवढं मान्य करतो.

जुनी डिस्क (धागालेखक)

'शेवटची लेव्हल', तुमच्या गेमचं नाव खाजगी निरोपात कळवा. नवा घेईन, पूर्ण किमतीत.

शेवटची लेव्हल

कळवलंय. पण नवा मिळणार नाही. एकदाच छापला होता, आणि ऑनलाइन दुकानातूनही काढलाय, त्यातल्या संगीताचा परवाना संपला म्हणून. आता मिळाला तर वापरलेलाच मिळेल. डबीत घडीचा नकाशा असायला हवा, तो मी काढला होता.

काउंटरमागून

मग डबी काउंटरवरच उघडून बघा. डिस्क खणात आणि डबी फळीवर असली की पहिला नकाशाच गहाळ होतो.