मदत हवी आहे : टाइमकोडला बांधलेले दृश्य गाण्याच्या पुढे पळते

विंगेतून
नमस्कार. आमच्या नृत्यनाट्यात मागच्या पडद्यावरची दृश्ये मीडिया सर्व्हरवरून (चित्रफिती चालवणाऱ्या संगणकावरून) दाखवली जातात आणि ती ध्वनिमुद्रित गाण्यांच्या टाइमकोडला (गाण्यासोबत चालणाऱ्या वेळेच्या संकेताला) बांधलेली आहेत. सुरुवातीला सारे जुळते, परंतु पुढे दृश्य गाण्याला सोडून जाते. शेवटच्या तिहाईला तर पडद्यावरची वीज समेच्या आधीच चमकते. शनिवारी प्रयोग आहे आणि सर्व्हर बदलणे शक्य नाही. कृपया त्वरित उपाय सांगावा.

ध्वनिकक्ष
टाइमकोड एलटीसी (ध्वनीच्या रूपात जाणारा) आहे की एमटीसी (मिडीतून जाणारा), तो कशातून निघतो आणि सेकंदाला किती फ्रेमचा आहे? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फरक कायम तेवढाच राहतो की वाढत जातो? तेवढाच राहत असेल तर ऑफसेट देऊन, म्हणजे वेळ तेवढीच सरकवून, भागेल. वाढत असेल तर दोन ठिकाणी फ्रेमचा हिशेब वेगळा आहे.

जुना_प्रयोग
टाइमकोडच्या नादी लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या दौऱ्यांत दृश्ये हातानेच सोडतात. नट थांबला तर माणूस थांबतो, टाइमकोड थांबत नाही.

पडदा_प्रकाश
प्रोजेक्टरमधील कीस्टोन (तिरके चित्र सरळ करण्याची सोय) आणि चित्र सुधारण्याच्या सर्व सोयी बंद कराव्यात, त्यांनी चित्राला विलंब होतो. प्रोजेक्टर किती ल्युमेनचा आहे?

ध्वनिकक्ष
प्रोजेक्टरच्या विलंबाने चित्र मागे पडेल. यांचे पुढे पळते आहे. आणि जुना_प्रयोग, संवादांच्या नाटकात तुमचे म्हणणे रास्त आहे, पण इथे गाणे मुद्रित आहे आणि ते कोणासाठीही थांबणार नाही.

विंगेतून
एलटीसी आहे. लॅपटॉपवरील रीपर या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमधून डाव्या वाहिनीत गाणे आणि उजवीत टाइमकोड जातो. टाइमकोडचा जनरेटर सेकंदाला ३० फ्रेमवर आहे. संकलकाने चित्रफिती २९.९७ च्या दिल्या, म्हणून सर्व्हरच्या टाइमकोडलाही तोच दर ठेवला आहे. दहाव्या मिनिटाला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक फरक पडतो, विसाव्याला सव्वा सेकंदाच्या आसपास. या आकड्यांपेक्षा उपाय सांगितलात तर बरे होईल.

ध्वनिकक्ष
उपाय त्या आकड्यांतच आहे. दहा मिनिटांत तुमचा जनरेटर १८,००० फ्रेम मोजतो. सर्व्हर त्याच १८,००० फ्रेम २९.९७ च्या दराने धरतो, म्हणजे त्याच्या लेखी ६००.६ सेकंद झाले. म्हणून दृश्य ०.६ सेकंद पुढे जाते आणि विसाव्या मिनिटाला १.२. सर्व्हरचा टाइमकोड-दर ३० करावा. सर्व्हर वेळेवरून जागा शोधत असेल तर चित्रफिती आहेत तशा चालतील; फ्रेम-क्रमांकावरून शोधत असेल तर मात्र त्या ३० मध्ये पुन्हा काढाव्या लागतील.

संकलनमेज
त्यापेक्षा दोन्हीकडे ड्रॉप फ्रेम ही २९.९७ ची मोजणी-पद्धत ठेवा, घड्याळाशी जुळेल.

ध्वनिकक्ष
ड्रॉप फ्रेममध्ये चित्र गळत नाही, क्रमांक गळतात : दर मिनिटाला दोन, प्रत्येक दहावे मिनिट वगळून, म्हणजे तासाला १०८. शनिवारी प्रयोग असताना ती भानगड नको. नवे काम असेल तर पहिल्यापासून सगळीकडे २५ धरावे. आपल्याकडे दूरचित्रवाणीमुळे संकलकांनाही तो दर सवयीचा आहे. शिवाय टाइमकोडची वाहिनी मिक्सरवर इक्वलायझर किंवा कॉम्प्रेसरमधून नेऊ नका, आणि ती फाइल एमपी३ करू नका.

विंगेतून
दर ३० केला. तालमीत शेवटची वीज समेवर आली. आता मात्र गाणे मधूनच सुरू केले की चित्र क्षणभर अडकते आणि मग उडी मारते.

संकलनमेज
चित्रफिती एच.२६४ (चित्र दाबून फाइल लहान करण्याची पद्धत) मध्ये असणार. त्यात बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमांवर अवलंबून असतात, म्हणून अचानक उडी मारताना सर्व्हरला मागून उलगडत यावे लागते. तुमचा सर्व्हर चालवत असेल तर हॅपमध्ये (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणाऱ्या पद्धतीत) रूपांतर करावे. सर्व्हरवर रेझोल्यूम हे सॉफ्टवेअर असेल तर त्याची तशीच पद्धत डीएक्सव्ही. फाइली बऱ्याच मोठ्या होतील, त्यामुळे त्या एसएसडीवर ठेवाव्यात.

जुना_प्रयोग
आणि वीज हाताने सोडायला एक माणूस बसवाच.

पडदा_प्रकाश
ल्युमेनचे कोणी सांगितले नाही.