रेकॉर्ड प्लेअरसाठी कोणतं कार्ट्रिज घेऊ? मदत हवी आहे

राजेहो, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. बाबांच्या दीडेकशे एलपी आहेत, बहुतेक शास्त्रीय गायन. टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२००. जुनं कार्ट्रिज (रेकॉर्डवरून आवाज उचलणारा सुईचा भाग) आता तार सप्तकात फरफरतं.

ऑर्टोफॉन टू-एम ब्लॅक की डेनॉन डीएल-१०३, यात अडकलोय. ब्लॅकची शिबाटा (खास घडवलेल्या टोकाची) सुई रेकॉर्डच्या खाचेच्या भिंतीला जास्त लांबीवर टेकते, झिजली की घरीच बदलता येते. डेनॉन १९६२ पासूनचं, मन तिकडंच ओढतं. पण ते ०.३ मिलिव्होल्ट इतका कमजोर सिग्नल देतं अन् माझा फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणारा डबा) फक्त एमएमचा, म्हणजे ब्लॅकसारख्या जास्त सिग्नलवाल्या कार्ट्रिजचा. म्हणजे आधी सिग्नल वाढवून देणाऱ्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचा खर्च आलाच. शिवाय डेनॉनला जड आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) मानवतो.

कापूस वेचणीत घरभर धूळ अन् तंतू. अशात शिबाटा त्रास देईल का? नागपुरात कार्ट्रिजची अलाइनमेंट (सुई खाचेत बरोबर कोनात बसवणं) नीट करून देणारं कोणी आहे का?