प्रती नाहीत म्हणून गट बंद करू नका

वरती दोघातिघांनी लिहिलंय की गावातल्या ग्रंथालयात एका पुस्तकाची एकच प्रत असते, मग मुलांचा वाचनगट चालवायचा कसा. अडचण खरी आहे, पण सगळ्यांनी अख्खं पुस्तकच वाचून यायला हवं असं कुठाय? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. आमच्याकडे शनिवारी त्यातली एखादी कथा निवडतो, चार-पाच पानांची, झेरॉक्स काढतो आणि तिथेच बसून आळीपाळीने मोठ्याने वाचतो. घरून वाचून आणायची सक्ती नसल्यामुळे क्लासवाली मुलंसुद्धा येतात आणि जो अडखळत वाचतो त्यालाही आपली पाळी हवी असते.

आणि एक, ज्याबद्दल इथे कुणी बोललं नाही, ते म्हणजे कुलूपबंद काचेची कपाटं. बालविभाग असतो पण किल्ली काउंटरवर, मुलांनी नाव सांगायचं मग पुस्तक मिळणार. अहो त्या वयात नाव कुठे माहीत असतं, मुखपृष्ठ बघून, चार पानं चाळून तर पुस्तक निवडतात! आमच्या ग्रंथपालबाईंनी गटाच्या वेळेपुरतं कपाट उघडं ठेवायला सुरुवात केली, पुस्तकं सतरंजीवर पसरून ठेवतात, त्यानंतर मुलं वाचन संपल्यावरही तासभर हलत नाहीत. पुस्तकं फाटतील ही भीती कार्यकारिणीला असतेच, पण फाटलेलं पान चिकटवता येतं हो, आधी हे कपाटाचं बोलून घ्या त्यांच्याशी.